काल ७२, आज ७३: वजनाच्या चढउताराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनकाटा आता घरोघरी असतो, आणि सकाळी त्यावर दिसलेल्या आकड्यावर अनेकांचा अख्खा दिवस बरा किंवा वाईट जातो. त्या आकड्यात हाडं, स्नायू, चरबी, रक्त, पोटातलं अन्न, मूत्राशयातली लघवी सगळं एकत्र तोललेलं असतं. यातली चरबी फार सावकाश बदलते. पाणी आणि पोटातला ऐवज मात्र तासातासाला बदलतो. धडधाकट माणसाचं वजन दोन-तीन दिवसांत एक-दोन किलोंनी वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे. लोक या चढउताराला घाबरतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू सरकणाऱ्या आकड्याकडे बघतही नाहीत. माझ्या मते काळजी नेमकी उलट्या जागी केली जाते, म्हणून हे प्रश्न जरा सविस्तर घेतले आहेत.

रात्री झोपताना ७१.२ किलो होतं, सकाळी ७०.३. एका रात्रीत गेलं कुठे?

बरंचसं लघवीतून, उरलेलं श्वासातून आणि त्वचेतून. आपण सोडतो तो श्वास ओलसर असतो आणि घाम दिसला नाही तरी कातडीवरून पाणी उडत असतं. न जाणवता जाणारं हे पाणी दिवसभरात अर्धा ते पाऊण लिटर भरतं. विदर्भातल्या मे महिन्यात वरून घामही धरला तर किती जाईल याचा नेम नाही.

हे मोजायला सुरुवात झाली ती चारशे वर्षांपूर्वी. इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरिओ सांतोरिओ यांनी मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि ते तिच्यात बसून जेवू लागले. खाल्लेलं, प्यायलेलं, शरीराबाहेर टाकलेलं आणि स्वतःचं वजन असं सगळं ते वर्षानुवर्षं तोलत राहिले. त्यांचे निष्कर्ष १६१४ मध्ये छापून आले. आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं तर त्यातलं पाच पौंड न दिसता निघून जातं, असं त्यांनी त्यात लिहिलं आहे. त्या काळी कारण सांगणं अवघड होतं, पण मोजणी पक्की होती.

लग्नाला जाऊन आलो आणि दोन दिवसांत दीड किलो वाढलं. ही सगळी चरबीच ना?

नाही. साधा हिशोब करून पाहू. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे शरीराने खर्च केल्या त्यावर. दीड किलोला झाल्या ११,५५०. एका गुलाबजामात दीडशे कॅलरी धरल्या, तर दोन दिवसांच्या नेहमीच्या जेवणावर आणखी ७५हून जास्त गुलाबजाम खायला हवेत.

मग वाढलं काय? पंगतीतलं जेवण अजून आतड्यात आहे. पोटात गेलेलं अन्न पूर्ण बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात, आणि तोवर ते तुमच्याबरोबर काट्यावर चढतं. जिलेबी, मसालेभात, पुऱ्या यांतला पिष्टमय भाग स्नायूंमध्ये साठला आणि त्याने पाणी धरून ठेवलं. त्यात मठ्ठा, लोणचं, पापड, अळूची भाजी यांतून नेहमीपेक्षा जास्त मीठ गेलं. वर प्रवास, जागरण आणि बदललेल्या दिनक्रमामुळे पोट साफ झालं नसेल, तर तेही धरा. नेहमीच्या जेवणावर परतलात की तीन-चार दिवसांत यातला मोठा भाग आपोआप उतरतो. उरेल ती पाव किलोच्या आतबाहेरची चरबी.

त्या दीड किलोच्या धक्क्याने दुसऱ्या दिवशी कडक उपाशी राहू नका. उपासाने पाणी उतरेल, दोन दिवसांनी भूक दुपटीने लागेल, आणि मग जे खाल ती मात्र खरी जमा असेल.

मीठ किती पाणी धरतं?

दवाखान्यात लावतात ती सलाईनची बाटली आठवा. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताशी जुळणारा खारटपणा साधारण तेवढा आहे. शरीर हा खारटपणा फार काटेकोरपणे सांभाळतं. जास्तीचं मीठ आत आलं की तहान लागते, प्यायलेलं पाणी मूत्रपिंडं थोडं रोखून धरतात आणि मीठ हळूहळू बाहेर काढत राहतात. म्हणजे नेहमीपेक्षा ९ ग्रॅम मीठ शरीरात अडकून राहिलं, तर त्याच्यासोबत लिटरभर पाणी राहू शकतं. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि बाहेरची मिसळ असं सगळं एकाच दिवशी जमून येतं आणि ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दुसऱ्या दिवशी बोटातली अंगठी घट्ट होते, डोळे जड वाटतात, काटा वर जातो. चरबीशी त्याचा संबंध नसला तरी रक्तदाबाशी आहे. त्यामुळे वारंवार असं होत असेल तर मिठाकडे जरूर बघा.

डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले. दुसऱ्या आठवड्यात जेमतेम दोनशे ग्रॅम. काय चुकलं?

काही चुकलं नाही. पहिल्या आठवड्याचा आकडा फुगलेला होता.

आपलं शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात, पोळी, साखर एकदम तोडली की हा साठा उतरतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे जातं. पूर्ण साठा रिकामा झाला तर दोन किलो इथेच गेले. पिष्टमय पदार्थ कमी झाले की इन्शुलिनही कमी होतं आणि मूत्रपिंडं मीठ जास्त सोडतात, तेव्हा आणखी थोडं पाणी. जेवणच कमी झाल्याने आतड्यातलं वजन कमी. या सगळ्यात खरी चरबी असते अर्धा किलो, फार तर पाऊण.

‘सात दिवसांत चार किलो’ अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात. पैसे देणाऱ्याला फरक काट्यावर दिसतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे एक दिवस पोटभर वरणभात खाल्ला की दीड किलो परत येतं, आणि बिचाऱ्याला वाटतं आपल्यातच संयम नाही. दुसऱ्या आठवड्यातले दोनशे ग्रॅम ही बहुतेक चरबी होती. तेच खरं कमावलेलं.

एकादशीच्या उपासाने वजन उतरतं का?

उपास कसा करता त्यावर आहे. दिवसभर पाणी आणि थोडं फळ एवढंच घेतलंत तर दुसऱ्या दिवशी किलोभर कमी दिसेल, आणि द्वादशीला उपास सोडल्यावर ते भरून येईल. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, राजगिऱ्याचे लाडू असा उपास असेल तर रोजच्यापेक्षा कॅलरी जास्तच जातात, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि त्यात तूप नि दाण्याचं कूट. उपास श्रद्धेने करा. वजनासाठी म्हणून त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निरंकार उपास करू नये, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

पाळीच्या आधी दर महिन्याला वजन का वाढतं?

संप्रेरकांमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. अर्धा किलो ते दोन किलो, बाईगणिक वेगळं. छाती जड होते, पोट फुगतं, कमरेला परकर-सलवार घट्ट होते. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ते उतरतं. त्यामुळे मागच्या आठवड्याशी तुलना करून उपयोग नाही. या महिन्यातल्या पाळीच्या सातव्या-आठव्या दिवसाचं वजन मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी ताडून बघा. आहार नीट पाळूनही ‘वाढलं’ म्हणून बायका याच आठवड्यात सगळं सोडून देतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आत चरबी उतरत असते आणि वरचं पाणी ती झाकून टाकत असतं.

जिम लावली आणि पहिल्या पंधरवड्यात किलोभर वाढलं!

नव्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्या दुरुस्तीसाठी तिथे पाणी येतं. अंग दुखतं ते त्यामुळेच. शिवाय व्यायामाची सवय लागलेले स्नायू ग्लायकोजेन जास्त साठवतात आणि रक्तातलं पाणीही थोडं वाढतं. क्रिएटिन (जिममधले लोक ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेत असाल तर त्याचं आणखी एक-दोन किलो. पंधरा दिवसांत किलोभर नवा स्नायू तयार होत नाही, त्याला महिने लागतात. चार-सहा आठवडे धीर धरा. तोवर काट्याऐवजी कमरेला टेप लावा.

घाम काढणारे पट्टे, प्लॅस्टिकचे जॅकेट, सोना बाथ, डिटॉक्स चहा?

पाणी जातं, पाणी परत येतं. बऱ्याच ‘डिटॉक्स’ चहांमध्ये सोनामुखी असते, म्हणजे सरळसरळ जुलाबाचं औषध. रोज घेतल्यास क्षारांचं संतुलन बिघडतं. हे टाळा.

मग पैलवान आणि मुष्टियोद्धे एका दिवसात तीन-चार किलो कसे उतरवतात?

ते पाणीच उतरवतात. खेळ त्यांच्याकडून ते मागतो. विनेश फोगटची पॅरिस ऑलिंपिकमधली रात्र सगळ्यांनी पाहिली. ६ ऑगस्ट २०२४ला सकाळी ५० किलो गटात तिचं वजन ४९.९ किलो भरलं. त्या दिवशी तिने तीन कुस्त्या जिंकल्या, त्यात जपानच्या युई सुसाकीवरची पहिलीच कुस्ती होती. लढण्याइतकी ताकद राहावी म्हणून मध्ये थोडं खाणं-पिणं झालं, आणि संध्याकाळी काटा मर्यादेच्या २.७ किलो वर गेला. रात्रभर व्यायाम, सोना, अन्नपाणी बंद, शेवटी केससुद्धा कापले. ७ तारखेच्या सकाळी तरीही १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अंतिम फेरीतून बाद झाली.

बारा-पंधरा तासांत वर गेलेले आणि खाली आणलेले ते किलो कुठल्याही अर्थाने चरबी नव्हते. आपल्या तालमींमध्ये स्पर्धेआधी वजन उतरवणाऱ्या पोरांनी, आणि त्यांच्या वस्तादांनीही, यातला धोका ओळखायला हवा. शरीर फार सुकवलं तर रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. लग्नात कपडा नीट बसावा म्हणून तर हे कुणीही करू नये.

चरबी जळते म्हणजे शेवटी जाते कुठे?

घामातून, शौचातून, उष्णतेत, असली उत्तरं सर्रास मिळतात. खरं उत्तर श्वासात आहे. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी याचा रासायनिक हिशोब मांडला. १० किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुफ्फुसांतून बाहेर पडते, आणि १.६ किलोचं पाणी होतं. पण मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन काही साधत नाही. आधी शरीराने चरबी वापरायला हवी, ती वापरली की वायू तयार होतो. दर श्वासातून जाणारा हा कार्बन इतका थोडा असतो की खरी घट आठवड्यांच्या मापानेच दिसते.

वजन रोज करावं, आठवड्याला की महिन्याला?

तुमच्या स्वभावावर आहे. आकडा पाहून मन शांत राहत असेल तर रोज करा आणि आठवड्याची सरासरी काढा. शांत राहत नसेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. सोमवार शक्यतो टाळा, कारण शनिवार-रविवारच्या बाहेरच्या खाण्याचं पाणी त्या दिवशी अंगात असतं.

सरासरीचा उपयोग उदाहरणाने दाखवतो. समजा पहिल्या आठवड्यात रोजची वजनं अशी आली: ७२.४, ७१.९, ७२.८, ७३.१, ७२.६, ७२.२, ७२.०. दुसऱ्या आठवड्यात ७१.८, ७२.३, ७२.५, ७२.९, ७२.१, ७१.७, ७१.६. दुसऱ्या आठवड्यातल्या चौथ्या दिवशी ७२.९ बघून माणूस म्हणेल, दहा दिवस मरमर केली आणि अर्धा किलो वाढलं. पण पहिल्या आठवड्याची सरासरी ७२.४ आहे, दुसऱ्याची ७२.१. आठवड्याला तीनशे ग्रॅम उतरत आहेत, म्हणजे महिन्याला सव्वा किलो. हा वेग चांगला आहे. दोन दिवसांची तुलना करणाऱ्याला तो दिसला नसता.

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, कमीत कमी कपड्यांवर वजन करा. रोज याच वेळी केलंत तर निम्मी गडबड तिथेच मिटते.

काटा बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

काटा सपाट, कडक फरशीवर ठेवा. सतरंजीवर, गादीजवळच्या पायपुसण्यावर किंवा हलणाऱ्या लादीवर ठेवला तर किलो-दोन किलोचा फरक सहज पडतो. मग एक सोपी परीक्षा घ्या. वजन करा, उतरा, एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात घेऊन पुन्हा चढा. आकडा सुमारे एक किलोने वाढला पाहिजे. तेच पाणी पिऊन चढलात तरी तेवढाच वाढेल, कारण काट्याला पाणी हातात आहे की पोटात हे कळत नाही. काही डिजिटल काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. असा संशय आला तर मध्ये बाटलीसकट चढून मग एकट्याने चढा. नेहमी एकच काटा वापरा. दवाखान्यातला आणि घरचा आकडा जुळला नाही म्हणून डोक्याला ताप करून घेऊ नका.

माझा स्मार्ट काटा चरबीचे टक्केही दाखवतो. काल २९, आज ३१. दोन टक्के वाढली?

हे काटे तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि अडथळ्यावरून अंदाज बांधतात. शरीरात पाणी किती, पाय ओले की कोरडे, नुकतं जेवलात का, यांवर तो अंदाज हलतो. दिवसाचा आकडा बघूच नका. दोन-तीन महिन्यांचा कल मात्र उपयोगी पडू शकतो.

रोज १०० कॅलरी कमी केल्या तर वर्षाला किती उतरेल?

७,७००च्या हिशोबाने भागाकार केला तर पावणेपाच किलो. पण शरीर वर्षभर तसंच राहत नाही. वजन उतरलं की लहान झालेल्या शरीराचा खर्चही कमी होतो. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यासाठी सुधारित हिशोब दिला. रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा बदल केला तर शेवटी सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत.

म्हणजे रोजच्या १०० कॅलरींनी तीन वर्षांत चार किलो, पहिल्या वर्षी दोन. हा हिशोब उलट दिशेनेही तितकाच चालतो. दुपारच्या चहात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० कॅलरी. हा एक चहा नव्याने दिनक्रमात आला आणि टिकला, तर साखरेपुरतं दीड किलोहून जास्त. दुधाचं, बिस्किटांचं वेगळं. लग्नातल्या ताटाने कुणी जाड होत नाही, चारच्या चहाने होतं.

तिशी ओलांडल्यावर चयापचय मंदावतं म्हणून वजन वाढतं, असं म्हणतात.

२०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांचं मोठं संशोधन आलं. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत ६,४०० हून जास्त लोकांचा ऊर्जाखर्च त्यात होता. शरीराचा आकार लक्षात घेतला तर २० ते ६० या वयात खर्च जवळपास स्थिर राहतो, साठीनंतर तो हळूहळू उतरतो. तिशीत बदलतं ते आयुष्य. कॉलेजला सायकल होती, आता गाडी. खुर्चीवरची नोकरी, रात्री उशिराचं जेवण, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं.

आणि वाढ होते ती थोडी-थोडी. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नाताळ-नववर्षाच्या सहा आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी फक्त ०.३७ किलो वाढलं. लोकांना स्वतःला त्याहून बरंच जास्त वाढल्यासारखं वाटत होतं. पण जे वाढलं ते पुढच्या उन्हाळ्यातही उतरलं नाही. वर्षाला अर्धा किलो कुणाच्या लक्षात येत नाही, वीस वर्षांत मात्र ते दहा किलो होतं. म्हणून दर वाढदिवसाला सकाळी वजन आणि कमर मोजून एका वहीत लिहा. दिवाळीनंतर काट्याकडे घाबरत बघण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

वजन तर ठीक आहे, मग काळजी कशाला?

भारतीय माणसाच्या बाबतीत नुसतं वजन बऱ्याचदा फसवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळंही मोजली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनाने सुमारे पाऊण किलो हलकी होती, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून होती.

म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेषा खाली आणलेली आहे. २३च्या वर जास्त वजन, २५च्या वर लठ्ठपणा. पुरुषांची कमर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असा माणूस काट्यावर ‘नॉर्मल’ भरतो आणि चाळिशीतच मधुमेह घेऊन बसतो. वजन स्थिर राहून कमर वाढत असेल तर ती बातमी चांगली नाही.

एका आकड्यावर अडकून बसलोय, खाली येतच नाही.

आधी खात्री करा की खरंच अडकलाय. आठवड्याची सरासरी चार आठवडे हलली नसेल तरच. हलली नसेल तर बहुधा दोन गोष्टी झाल्या आहेत. हलक्या झालेल्या शरीराला आता कमी पुरतं. आणि सुरुवातीची शिस्त नकळत सैल झाली आहे: तेलाची पळी, चवीपुरतं फरसाण, ‘आज तेवढंच’. एक आठवडा तोंडात जाणारं सगळं लिहून काढा, उत्तर सापडतं. तरीही नाही हललं तर त्या आकड्यावर काही महिने टिकून राहणं ही काही हार नाही. फार झपाट्याने उतरवलेलं वजन शरीर परत मागतं, भूक वाढवतं, खर्च आखडता घेतं. आठवड्याला पाव ते अर्धा किलो यापेक्षा घाई कशाला?

थायरॉइडमुळे माझं वीस किलो वाढलं असेल का?

थायरॉइड कमी पडलं तर वजन वाढतं, पण बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातही मीठ-पाणी बरंच असतं. वीस किलोचं कारण सहसा दुसरीकडे असतं. काही औषधांनी मात्र खरोखर वाढतं: स्टेरॉइड, इन्शुलिन, काही मानसिक आजारांवरची आणि फिट्सवरची औषधं. पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, बरेचदा पर्याय असतो.

वजनाची नवी इंजेक्शनं घेतली तर?

यांतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दीर्घकाळाचा विचार करूनच घ्यायचं औषध आहे. प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सोबत नसेल तर स्नायूही जातात.

घरातलं कुणीतरी दिवसातून पाच-सहा वेळा काट्यावर चढतं.

हे गंभीरपणे घ्या. विशेषतः वयात येणारी मुलगी किंवा मुलगा असेल, जेवण टाळत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल, तर टोमणे नकोत आणि कौतुकही नको. काटा काही काळ उचलून ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. वाढत्या वयात वजन वाढणं हे शरीराचं कामच आहे, त्यांना मोठ्यांचे हिशोब लावायचे नसतात.

डॉक्टरकडे कधी जायचं?

हृदय कमजोर असलेल्या माणसाचं वजन तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं, पायावर सूज आली, आडवं पडल्यावर दम लागू लागला, तर त्याच दिवशी फोन करा. तिथे पाणीच धोक्याचं असतं. मूत्रपिंडाच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांनी आपल्याला दिलेलं ड्राय वेट, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, रोज ताडून पाहावं.

दुसरी गोष्ट, काही न करता वजन उतरणं. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, स्वतः प्रयत्न न करता गेले तर तपासणी हवीच. क्षयरोग, नव्याने आलेला मधुमेह, वाढलेलं थायरॉइड, कर्करोग, नैराश्य, यांपैकी काहीही असू शकतं. नात्यातले लोक ‘अरे वा, बारीक झालीस!’ म्हणतात आणि महिने वाया जातात.

आई सत्तरीची आहे. गेल्या वर्षात हळूहळू चार किलो उतरली. शुगर आहे, तर बरंच झालं ना?

नाही. या वयात न ठरवता उतरलेल्या वजनात स्नायू बराच जातो, आणि त्याबरोबर जिना चढण्याची, पडताना सावरण्याची ताकद जाते. कवळी नीट बसते का, एकटीने जेवावं लागतं म्हणून स्वयंपाक टाळते का, मधुमेहाची नवी गोळी भूक मारते का, खोकला किंवा संध्याकाळचा ताप आहे का, हे आधी विचारा. ब्लाउज सैल झालेत का, हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकतात का, ते बघा. जुनी वजनं दवाखान्याच्या फायलीत, शुगरच्या तपासणीच्या कागदांवर लिहिलेली असतात. ती तारखेसकट एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांसमोर ठेवा.